मागच्या इंजिनाची गाडी गेममध्ये कितपत खरी? घरी बसून तपासायची पद्धत

गेममध्ये मागे इंजिन असलेली पोर्शे ९११ घेतली, वळणावर ती गर्रकन फिरली, की पोरं म्हणतात, "बघ, किती रिअल आहे!" आमच्या कुडाळ-सावंतवाडी भागात गेम खेळणाऱ्यांकडून मी हे कायम ऐकतो आणि मला ते पटत नाही. गाडी फिरवणं हे गेमसाठी सगळ्यात सोपं काम आहे. मागच्या टायरची पकड थोडी कमी केली की कुठलीही गाडी फिरते. मागे इंजिन असल्याची खरी खूण तिच्या पकडीत सापडते. वळणातून बाहेर पडताना ती इतर गाड्यांपेक्षा लवकर अ‍ॅक्सिलरेटर देऊ देते का? सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आपला वाटा उचलतात का? जोर दिल्यावर पुढचं टोक हलकं पडतं का? ज्या गेममध्ये फक्त शिक्षा आहे आणि हे फायदे नाहीत, त्याला मी अर्धाच खरा मानतो.

हे तपासायला पोर्शे चालवलेली असण्याची गरज नाही. आपल्यापैकी कितीजण ती चालवणार? थोडा वजनाचा हिशोब, तुलनेसाठी दुसरी एक गाडी आणि दोन-तीन संध्याकाळी एवढं पुरतं. स्टिअरिंग व्हील असेल तर उत्तम. गेमपॅडवरही बहुतेक चाचण्या होतात, फक्त हातात येणारी माहिती कमी मिळते.

आधी वजनाचा हिशोब

बैलगाडीत माल मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलायला लागतं. ९११ची प्रकृती तीच. तिचं सहा सिलिंडरचं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकलेलं असतं. एकूण वजनाचा साधारण ३८ ते ४० टक्के भार पुढच्या चाकांवर आणि बाकीचा मागच्या चाकांवर.

कागद-पेन घ्या. गाडी १४०० किलोची, दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर २.४ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच, असं धरा. जोरात ब्रेक मारला आणि वेग १ जी (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या जोराइतक्या) दराने कमी झाला, तर मागून पुढे सरकणारा भार = वजन × जी × उंची ÷ अंतर, म्हणजे सुमारे २९२ किलो. ९११मध्ये उभ्या स्थितीत पुढे ५४६ आणि मागे ८५४ किलो असतील, तर ब्रेक मारल्यावर पुढे ८३८ आणि मागे ५६२ होतात. त्याच वजनाची, पुढे इंजिन असलेली गाडी घ्या. तिचं वाटप ५४ आणि ४६ टक्के धरलं, तर ब्रेकखाली पुढे १०४८ आणि मागे जेमतेम ३५२ किलो उरतात. म्हणजे ९११ची मागची चाकं ब्रेक मारतानाही ४० टक्के भार घेऊन जमिनीला चिकटलेली असतात आणि दुसऱ्या गाडीची २५ टक्क्यांवर आलेली असतात.

आता उलटं करा. अर्धा जी इतका वेग वाढवताना १४६ किलो मागे सरकतात. ९११च्या मागच्या चाकांवर बरोबर १००० किलो येतात, दुसरीच्या ७९०. ताकद त्याच चाकांना मिळते, त्यामुळे ९११ जागेवरून सुटताना चाकं कमी घसरवते.

या दोन फायद्यांची किंमत वळणात मोजावी लागते. पुढे भार कमी, म्हणून वळणात शिरताना नाक बाहेर जातं. आणि वळणाच्या मध्ये पाय काढला, तर भार पुढे येतो, नाक अचानक चावतं आणि मागचं टोक सुटायला बघतं. त्यातच इंजिनाचं वजन अगदी टोकाला असल्यामुळे एकदा गाडी फिरू लागली की तिला थांबवायला जास्त जोर लागतो. मध्यभागी इंजिन असलेली गाडी चटकन फिरते आणि चटकन सावरताही येते. ९११ फिरायला वेळ घेते आणि थांबायलाही.

हे तत्त्व आपल्या रस्त्यावरही दिसायचं. टाटा नॅनोचं ६२४ सीसीचं इंजिन मागे होतं. कुणाकडे जुनी नॅनो असेल तर टायरवरचे आकडे वाचा: पुढे १३५, मागे १५५. एका लाखाची म्हणून गाजलेल्या त्या गाडीत पै-पैचा विचार झाला, तरी टायर दोन मापांचे दिले. मागचा भार पेलायला मागचं टायर रुंद हवं आणि मागचं टोक पुढच्याच्या आधी सुटता कामा नये. आजच्या ९११ जीटी३च्या (९९२ पिढीच्या; ९३०, ९९३, ९९१, ९९२ ही ९११च्याच पिढ्यांची नावं) टायरचं मापही पुढे २५५ आणि मागे ३१५ आहे, कारण तेच.

कुठली ९११ घेता, त्यावर सगळं अवलंबून

इथे बहुतेकांची गल्लत होते. ९११ म्हणजे एकच गाडी समजून सगळे गेम एका मापाने मोजले जातात. १९६३ला ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर २२११ मिमी होतं. मागचं टोक इतकं चंचल होतं, की सुरुवातीच्या काही गाड्यांमध्ये पुढच्या बंपरमागे लोखंडी वजनं बसवली होती. १९६९च्या मॉडेलपासून अंतर ५७ मिमीने वाढवलं आणि एका बॅटरीऐवजी दोन छोट्या बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत ठेवल्या. १९७५ची ९३० टर्बो: तीन लिटर, २६० अश्वशक्ती, फक्त चार गिअर आणि टर्बो जागा व्हायला लागणारा वेळ. वळणात अ‍ॅक्सिलरेटर दिला तर आधी काहीच नाही, मग सगळंच एकदम. १९९३च्या ९९३मध्ये मागचं सस्पेन्शन बदलून मल्टिलिंक झालं आणि गाडीचा स्वभाव बराच निवळला. २०११च्या ९९१मध्ये दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर आणखी १०० मिमीने वाढलं.

म्हणून गेममधली ९९२ शांतपणे वळणं घेत असेल तर गेम खोटा ठरत नाही. खरी गाडीही तशीच आहे. मात्र १९७३ची कॅरेरा आरएस आणि ९९२ एकाच चालीने चालत असतील, तर तिथे नक्की पाणी मुरतंय.

काही नावं फसवतात. ९११ आरएसआर ही शर्यतीची गाडी २०१७पासून मध्यभागी इंजिनाची झाली. नव्वदच्या दशकातली ९११ जीटी१सुद्धा मध्य-इंजिनाचीच. केमन आणि बॉक्स्टर तर मूळपासून तशा. जुनी अल्पाइन ए११० मागच्या इंजिनाची, पण त्याच नावाने २०१७ला आलेली नवी गाडी मध्य-इंजिनाची. चाचणीसाठी फोर-व्हील ड्राइव्ह कॅरेरा ४ किंवा टर्बो एस घेऊ नका. पुढची चाकंही ओढत असली की निष्कर्ष धूसर होतात.

तुलनेची गाडी मात्र त्याच गेममधली हवी. ९११ कॅरेरा एससोबत ७१८ केमन एस ही जोडी मला सगळ्यात जास्त शिकवणारी वाटते. कंपनी एक, स्वभाव जवळचे, फरक मुख्यतः इंजिनाच्या जागेचा. पुढच्या इंजिनाची म्हणून एखादी बीएमडब्ल्यू एम३ किंवा एम४ जोडीला ठेवा.

जुन्या गेममध्ये पोर्शे न दिसता रूफ (९११वर आधारलेल्या गाड्या बनवणारी जर्मन कंपनी) दिसते, त्यामागे परवान्याचं कारण आहे. पोर्शेचे हक्क बरीच वर्षं इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे होते, ते २०१६अखेर संपले. तोवर ग्रॅन टुरिस्मोसारख्या मालिका रूफच्या गाड्यांवर भागवत होत्या. १९८७ची रूफ सीटीआर, म्हणजे यलोबर्ड, ९११च्याच हाडामांसाची आहे, तेव्हा चाचणीला ती बिनधास्त घ्या.

चाचणीआधी खोलीतली तयारी

गेमच्या मेनूत जाऊन स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी फिरू लागली की तिला आपोआप सावरणारी सोय, पूर्ण बंद करा. ही सोय मागच्या इंजिनाच्या गाडीचं वेगळेपणच पुसून टाकते. ग्रॅन टुरिस्मो ७मध्ये काउंटरस्टिअरिंगची (घसरताना स्टिअरिंग उलटं फिरवण्याची) मदत वेगळी असते, तीही बंद करा. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागच्या जागी घसरू न देणारी सोय) शून्यावर आणा, एबीएस (ब्रेकखाली चाकं जाम होऊ न देणारी सोय) असलं तर राहू द्या. फोर्झामध्ये स्टिअरिंग 'सिम्युलेशन'वर न्या.

व्हील ९०० अंशांवर ठेवा. फोर्स फीडबॅक, म्हणजे व्हील हाताला देतं तो जोर, जास्तीत जास्त करून ठेवायची सवय मोडा. असेटो कोर्सामध्ये पेडलच्या छोट्या पट्टीत फोर्स फीडबॅकचा दांडा दिसतो. तो लाल होत असेल तर व्हील आपल्या मर्यादेला लागलंय आणि त्यापुढचे सगळे फरक सपाट होतायत. ९११चं हलकं होणारं नाक हातात जाणवायला हवं असेल, तर एकूण जोर कमी करून त्या दांड्याला वरती मोकळी जागा ठेवा.

आता कोकणातल्या माणसासाठी दोन खास गोष्टी, ज्या पुण्यामुंबईच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही.

पहिली खाऱ्या, दमट हवेची. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बऱ्याच पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे आत पट्टीवर घासत फिरणारा संपर्क. जून-जुलैत त्यावर ओल आणि मळ बसतो. तुम्ही पाय स्थिर ठेवलेला असतो, पण पडद्यावर अ‍ॅक्सिलरेटरची पट्टी साठावरून चाळीसवर आणि परत साठवर अशी थरथरत असते. साध्या गाडीत हे कळतही नाही. ९११मध्ये मात्र वळणाच्या मध्ये असा झटका म्हणजे पाय काढल्यासारखंच, आणि गाडी फिरली की दोष फिजिक्सला. म्हणून प्रत्येक चाचणीआधी पेडल हळू दाबून अर्ध्यावर धरा आणि पट्टी बघा. थरथरत असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, नुसतं तेल मारू नका. वापर नसेल तेव्हा पेडल आणि व्हील जाड कापडाखाली, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. नवीन घेणार असाल तर हॉल सेन्सरचे किंवा लोडसेलचे पेडल बघा. त्यांत घासणारा संपर्क नसतो.

दुसरी विजेची. पावसात वीज झिम्मा खेळते. घरचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल आणि त्याचा खटका 'यूपीएस' मोडवर असेल, तरच कॉम्प्युटर बंद न पडता चालू राहतो. नॉर्मल मोडवर वीज बदलायला लागणारा क्षणही त्याला जड जातो.

पहिली चाचणी: सुटणं

सरळ रस्ता, गाडी थांबलेली, दुसरा गिअर. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू वाढवत जा आणि चाकं कुठे घसरू लागतात ते बघा. मग तेच एम३ किंवा एम४मध्ये करा. ताकद सारखीच असताना ९११ला बरंच जास्त पेडल चाललं पाहिजे. यानंतर स्पाचं पहिलंच 'ला सूर्स' हे हेअरपिन वळण घ्या. वळणाच्या आतल्या बिंदूवरून तोंड सरळ होतानाच तुम्ही ९११ला पाय देऊ शकता आणि दुसऱ्या गाडीला थोडं थांबावं लागतं, असं झालं पाहिजे. दोन्ही गाड्या सारख्याच वेळी पाय मागत असतील, तर त्या गेममध्ये वजनाचं वाटप नावापुरतं आहे.

दुसरी: सरळ ब्रेक

ही सगळ्यात दुर्लक्षित चाचणी, आणि माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक. एबीएस बंद करता येत असेल तर इथे बंद करा. दीडशेच्या वेगावरून सरळ रेषेत ब्रेक मारा. मग सेटअपमध्ये पुढच्या-मागच्या चाकांमधला ब्रेकचा वाटा एकेक खटका मागे सरकवत जा. पुढच्या इंजिनाच्या गाडीत लवकरच मागची चाकं आधी जाम होतील आणि गाडी वाकडी होईल. ९११ने जास्त खटके सहन केले पाहिजेत, कारण वर काढलेले ५६२ विरुद्ध ३५२ किलो. हा फरक गेममध्ये दिसला, की समजा कुणीतरी मनापासून काम केलंय. तो आतषबाजीचा भाग नाही, व्हिडिओत दिसत नाही, म्हणून निष्काळजी गेम तिथेच उघडा पडतो.

तिसरी: गोल फेरी आणि पाय काढणं

बीमएनजीमध्ये ग्रिड मॅपचं सपाट मैदान आहे, तिथे गोल फेरी मारता येते. इतर गेममध्ये बार्सिलोनाचं तिसरं, लांबलचक उजवं वळण वापरा.

स्टिअरिंग एका जागी धरा आणि वेग अगदी सावकाश वाढवा. खरी ९११ आधी नाक बाहेर टाकते. व्हील हातात हलकं होत जातं, कारण पुढचं टायर पकडीच्या मर्यादेला पोचतंय. इथेच मागचं टोक निसटत असेल, तर गेमने रुंद मागच्या टायरचा हिशोब धरलेला नाही.

आता त्याच वेगात पाय पूर्ण काढा. नाक आत वळलं पाहिजे आणि मागचं टोक बाहेर यायला लागलं पाहिजे. मग तेच पुन्हा करा, पण या वेळी पाय अर्धाच काढा. गाडी थोडीच आत वळली पाहिजे. पायाच्या प्रमाणात वळण, ही खरी ९११. पाय काढला की सरसकट एकसारखं फिरणं, ही ठोकळेबाज नक्कल.

शेजारचा कॉलेजातला पोरगा माझ्याकडे खेळायला येतो. यलोबर्ड घेऊन तो त्याच वळणावर सारखा फिरत होता. वैतागून म्हणाला, "काका, ही मागसून फिरता कित्याक?" मी रस्त्याकडे न बघता खालची अ‍ॅक्सिलरेटरची पट्टी बघत होतो. गाडी बाहेर जातेय असं वाटताच हिरवी पट्टी एका फटक्यात शून्यावर येत होती. "पाय एकदम काढू नको रे, जरासो ठेव," एवढंच सांगितलं. पुढच्या फेरीला पट्टी निम्म्यावरून खाली आली, तळाशी बोटभर उरली. मागचं टोक किंचित हललं, नाक आत आलं, आणि गाडी निघून गेली. एका गाडीत, एका वळणावर, फक्त पायाच्या त्या बोटभर फरकाने निकाल बदलला. गेम चांगला असल्याची मला तीच पावती वाटते.

क्लच पेडल असेल तर आणखी एक बारकावा तपासता येतो. पाय काढताना क्लचही दाबा. इंजिनाचा ब्रेक मागच्या चाकांवरून निघून जातो, त्यामुळे मागच्या टायरची पकड थोडी वाचते आणि गाडी कमी फिरते. क्लच न दाबता आणि दाबून, असा फरक जाणवला तर त्या गेममध्ये इंजिनापासून टायरपर्यंतची साखळी नीट जोडलेली आहे.

चौथी: टाकी भरलेली आणि रिकामी

९११ची पेट्रोलची टाकी पुढे असते. अलीकडच्या साध्या कॅरेराची टाकी ६४ लिटरची, म्हणजे पेट्रोलचं वजन सुमारे ४८ किलो. ते सगळं पुढच्या चाकांवरून कमी झालं असं धरलं, तर आपल्या उदाहरणातल्या गाडीचा पुढचा वाटा ३९ टक्क्यांवरून ३७च्या आत येतो. म्हणून लांब शर्यतीत ९११चं नाक शेवटी शेवटी जास्त बाहेर जातं. एकदा पूर्ण टाकीने आणि एकदा पाच लिटरने तेच वळण घ्या. गाडी हलकी झाल्यामुळे एकूण वेळ सुधारेल, पण वळणात शिरताना नाक थोडं जास्त हट्टी व्हायला हवं.

असेटो कोर्सामध्ये लोकांनी बनवलेल्या मॉड गाड्या घेत असाल तर ही गोष्ट थेट फाइलमध्येही दिसते. गाडीच्या फोल्डरमध्ये 'डेटा' उघडं असेल तर सस्पेन्शनच्या फाइलमध्ये सीजी लोकेशनसमोर (सीजी म्हणजे गुरुत्वमध्य) पुढच्या भाराचा वाटा लिहिलेला असतो. ९११साठी तो ०.३८ ते ०.४०च्या आसपास हवा. कार नावाच्या फाइलमध्ये इंधनटाकीची जागा तीन आकड्यांत असते. त्यातला शेवटचा आकडा गाडीच्या लांबीचा. तो उणे असेल तर टाकी मागे ठेवलीय. दुसऱ्या गाडीवरून उचललेली ९११ इथेच पकडली जाते. त्याच फाइलमध्ये इनर्शियाचे, म्हणजे गाडी फिरवायला किंवा थांबवायला किती जोर लागेल याचे, तीन आकडे असतात. केमनचे आणि ९११चे अगदी तेच असतील, तर त्या ९११ला टोकाला लटकलेलं इंजिन कधी मिळालंच नाही.

पाचवी: ओला रस्ता, चढ आणि माती

आंबोली घाटात पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याला ओल्या चढावर मागच्या चाकांवर भार असण्याची किंमत सांगायला नको. ही चाचणी मात्र गेममध्येच करा, घाटात नको. असेटो कोर्सामधला ट्रेंटो-बोंडोने हा इटलीतला डोंगरचढाईचा रस्ता यासाठी छान आहे: हेअरपिनमागून हेअरपिन, आणि प्रत्येकातून बाहेर पडताना ९११चा फायदा दिसतो. पाऊस हवा असेल तर असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, ऑटोमोबिलिस्टा २ किंवा ग्रॅन टुरिस्मो ७ घ्या. मूळ असेटो कोर्सामध्ये पाऊस नाही, आयरेसिंगमध्ये तो २०२४ला आला.

माती आवडणाऱ्यांनी डर्ट रॅली २.०मधली जुनी अल्पाइन ए११० जरूर चालवावी. मागच्या इंजिनाच्या या गाडीच्या जोरावर अल्पाइन-रेनोने १९७३ची पहिली जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. लाल मातीच्या, सुट्या खडीच्या रस्त्यावर ही गाडी कशी रेटा लावते ते बघा, आणि मग त्याच वर्गातली पुढच्या इंजिनाची एस्कॉर्ट घ्या. एस्कॉर्ट सुखाने आडवी चालते. अल्पाइनला आडवी करायला आधी ब्रेकने नाक दाबावं लागतं, पण एकदा तोंड वळलं की ती सुसाट निघते.

गेम कुठे कमी पडतात

सगळ्यात मोठी उणीव खुर्चीची आहे. खरा ड्रायव्हर मागचं टोक सुटायची सुरुवात कमरेत ओळखतो. तुम्हाला ती डोळ्यांनी आणि हातांनी ओळखायची असते, म्हणजे उशिरा. त्यामुळे गेममधली ९११ खऱ्याहून अवघड वाटणं स्वाभाविक आहे आणि त्यावरून फिजिक्सला नावं ठेवू नयेत.

दुसरी, टायर पूर्ण घसरल्यानंतरचं वागणं. पकडीच्या आतलं गणित बहुतेक चांगले गेम नीट करतात. मोठ्या कोनात घसरलेलं टायर परत पकड कशी मिळवतं, इथे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. काही ठिकाणी गाडी सावरूनही एकदम उलट दिशेला फेकली जाते, काही ठिकाणी बर्फावर असल्यासारखी तरंगत राहते.

तिसरी, जुन्या सस्पेन्शनची. बीटल किंवा पोर्शे ३५६च्या स्विंग अ‍ॅक्सलमध्ये मागचं बाहेरचं चाक वळणात आत दुमडतं आणि गाडीचं टोक वर उचललं जातं. ठरावीक कोष्टकावर चालणाऱ्या गेममध्ये हे क्वचितच उतरतं.

कुठून सुरुवात करावी

पीसी असेल तर मी आजही मूळ असेटो कोर्साच सुचवीन. २०१४चा गेम, पण तो सेकंदाला ३३३ वेळा गणित करतो, इंटरनेटशिवाय चालतो, आणि यलोबर्ड, केमन, ९११ आर अशा तुलनेच्या गाड्या एका जागी देतो. पोर्शेचे पॅक वेगळे घ्यावे लागतात, सेलमध्ये घ्या. रेंज जाणाऱ्या गावात ऑफलाइन चालणं ही मोठी गोष्ट आहे. आयरेसिंग सतत नेटवर चालतं आणि वर्गणी मागतं. नेट भरवशाचं असेल तर ९११ कपच्या तिथल्या शर्यती पाय घडवतात, कारण तिथे घाई करणारा आपोआप मागे पडतो.

कॉम्पेटिझिओनेमध्ये ९११ जीटी३ आर आहे. शर्यतीच्या गाडीचा स्वभाव तिथे छान उतरलाय, पण जीटी३ वर्गाच्या खऱ्या शर्यतीच्या गाड्यांना ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस असतंच, त्यामुळे पहिली आणि दुसरी चाचणी तिथे झाकली जाते.

प्लेस्टेशनवर ग्रॅन टुरिस्मो ७. तो बराच क्षमाशील आहे, पण १९७३ची कॅरेरा आरएस, १९६६ची फोक्सवॅगन १२००, १९६८ची फियाट ५०० आणि १९७२ची अल्पाइन अशी मागच्या इंजिनाच्या गाड्यांची मांदियाळी तिथे आहे. एकाच संध्याकाळी या चारही गाड्यांवर तिसरी चाचणी करून बघा. फोर्झा होरायझन ५ मौजेसाठी खेळा. या तपासणीसाठी तो गेम मी वापरत नाही, कारण तिथे पकड सगळ्यांनाच उदारपणे मिळते.

बीमएनजीमध्ये पोर्शे नाही. तिथे ऑटोबेलो पिकोलिना नावाची, जुन्या फियाट ५००च्या वळणाची, मागच्या इंजिनाची छोटी काल्पनिक गाडी आहे. गेम गाडीचा सांगाडा सेकंदाला २००० वेळा मोजतो, त्यामुळे वजन आणि सस्पेन्शनची हालचाल डोळ्यांना दिसते. गोल फेरीत कॅमेरा गाडीच्या मागे, जमिनीलगत आणा आणि पाय काढताना बाहेरच्या मागच्या चाकावर नजर ठेवा. मग तोच कॅमेरा पुढे नेऊन पाय द्या, म्हणजे पुढची चाकं कमानीतून खाली सुटताना दिसतील.